मुरुडची बिनमाशांची टाकी

आमच्या दुकानाची पाटी रंगवताना पेंटरनं 'रंगीत मासे' यातलं 'रंगीत' बारीक काढलं आणि 'मासे' एवढं मोठं काढलं की लातूरच्या गंजगोलाई बाजाराच्या पलीकडून वाचता यावं. मग काय, दर रविवारी सकाळी माणसं कापडी पिशव्या घेऊन दारात.

"अप्पा, रोहू हाय का?"

"न्हाई."

"कटला?"

"न्हाई."

"मग हाय तरी काय?"

"गप्पी हायत."

माणूस आत यायचा, बोटाच्या पेराएवढे गप्पी मासे डोळे बारीक करून बघायचा आणि विचारायचा, "किलोत किती बसत्याल?"

आम्ही लिंगायत. घरात अंड्याचं नाव काढायचं तर अंगणात जाऊन काढावं लागायचं. वडिलांचं पूजेच्या सामानाचं दुकान होतं, विभूती, रुद्राक्ष, कापूर. त्याच दुकानात अर्ध्या बाजूला मी काचेच्या टाक्या मांडल्या तेव्हा नात्यागोत्यात बातमी अशी पोचली की मन्मथनं मासळीचं दुकान टाकलं. उदगीरची आत्या पहिल्या बसनं आली. घरी पाणीसुद्धा न पिता थेट दुकानात शिरली आणि टाकीसमोर उभी राहिली.

"हे इकत घेऊन लोक करतात काय?"

"बघतात."

"नुसतं?"

"नुसतं."

"अन् त्याचे पैसे देतात?"

घरी येऊन तिनं तांब्याभर पाणी प्यायलं आणि वडिलांना सांगितलं, "पोरगं वाया गेलेलं न्हाई. लातूरचं गिऱ्हाईक वाया गेलंय."

आता दुकान सून बघते. पाटीही तिनं बदलली. दिवाळी अंकाच्या संपादकांचा निरोप आला की धंद्यातला एखादा कसोटीचा प्रसंग लिहा. कसोटीचे तसे पुष्कळ झाले. लाइट जाऊन पंप बंद पडले, पार्सलमधले मासे बसमध्येच राहिले आणि बस पुढं निलंग्याला गेली. पण 'कसोटी' म्हटलं की मला लातूरजवळच्या मुरुडची एक बैठक आठवते. मी परक्या घरात, परक्या पाहुण्यांसमोर चुरमुऱ्यांचा सुशीला खात बसलो होतो, समोर एकही मासा नसलेला फिश टँक होता आणि त्यातल्या माशांचं सगळे मिळून कौतुक करत होते.

काशिनाथअप्पांचं मुरुडला भांड्यांचं मोठं दुकान. माणूस मोठा, आवाज त्याहून मोठा. ते बोलायला लागले की मागच्या परातींना कंप सुटतो. एका बुधवारी ते माझ्या दुकानात आले आणि उभ्या उभ्याच म्हणाले, "अप्पा, रविवारी नांदेडचे पाव्हणे यायलेत. पोरीला बघायला. तवर मला फिश टँक पाहिजे. झाडं, दिवे, मासे, समदं. आन् मासे शांत पाहिजेत. पाव्हण्यांसमोर मारामारी नको."

"आजच फिश टँक का बरं सुचला?"

"मुलाच्या घरी हाय. मध्यस्थ म्हणला, मुलाची आई म्हणती ज्या घरात फिश टँक न्हाई त्या घरात जिवंतपणा न्हाई. आमच्या घरात न्हाई का जिवंतपणा? म्हणलं, दाखवूच."

मी त्यांना खुर्ची दिली. म्हणालो, "टाकी रविवारपर्यंत उभी करतो. मासे महिन्यानं."

"महिन्यानं? महिन्यानं साखरपुडा असंल!"

आता इथं थोडं धंद्याचं सांगावं लागेल. लोकांना वाटतं टाकी आणायची, पाणी भरायचं, मासे सोडायचे. तसं केलं की आठवड्यात मासे मरतात, आणि माणूस म्हणतो दुकानदारानं आजारी मासे दिले. खरी गोष्ट अशी की मासा खातो, श्वास घेतो आणि घाण त्याच पाण्यात टाकतो. त्या घाणीतून अमोनिया होतो, आणि तो माशाला विष. नदी-तळ्यात ते विष खाऊन टाकणारे बारीक जीव असतात, डोळ्याला न दिसणारे. ते खडीत, मातीत, फिल्टरच्या स्पंजात राहतात. नव्या टाकीत ते नसतात. त्यांची वस्ती व्हायला साधारण महिना जातो. जुन्या टाकीतला स्पंज आणून घातला तर लवकर होते, विरजण लावल्यासारखी. पण दुधाचंसुद्धा दही लावल्या लावल्या होत नाही. नवं पाणी काचेसारखं स्वच्छ दिसतं, आणि माशासाठी तेच धोक्याचं असतं.

हे सगळं मी काशिनाथअप्पांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मरत्याल तर मरू द्या की सोमवारी. रविवार निघाला म्हंजे झालं."

"सोमवारपर्यंत कशाला थांबतील? पाव्हणे सुशीला खात असतानाच समोर उलटे होतील."

हे मात्र त्यांना लागलं. मुलगी बघायला आलेल्यांसमोर मासे उलटे होताहेत हे चित्र त्यांच्या डोळ्यांपुढं उभं राहिलेलं मला स्पष्ट दिसलं.

"मग प्लास्टिकचे सोडा."

"ते पहिल्यापासूनच उलटे तरंगतात."

त्यांनी सुस्कारा सोडला. "टाकी तर लावा. मासे बघू मग."

गुरुवारी मी सामान घेऊन मुरुडला गेलो. तीन फुटांची टाकी, स्टँड, माती, खडी, एक झाडाच्या मुळासारखं वेडंवाकडं लाकूड आणि ओल्या पेपरात गुंडाळलेली झाडं. काशिनाथअप्पांच्या पत्नी महानंदाबाई दारातच उभ्या होत्या. त्यांनी एक एक वस्तू नजरेनं तपासली आणि लाकडापाशी थांबल्या.

"हे सरपण कशाला?"

"टाकीत ठेवायचं. पण आधी उकळायचं."

"उकळायचं?"

न उकळलेलं लाकूड टाकीत घातलं तर ते तरंगतं आणि पाणी चहाच्या रंगाचं करून टाकतं. म्हणून आधी उकळून त्याचा रंग काढायचा आणि त्याला पाणी पिऊ द्यायचं. पण एवढं लाकूड मावेल असं पातेलं सहसा घरात नसतं. इथं मात्र भांड्यांचंच दुकान. काशिनाथअप्पांनी लग्नात पाचशे माणसांचा भात होतो तो हंडा काढला, मागच्या अंगणात चूल मांडली आणि लाकूड शिजायला घातलं. वाफ निघाली तशी भिंतीपलीकडून शेजारीण डोकावली.

"महानंदाबाई, पाव्हणे आजच आले का? काय शिजायलंय एवढं?"

"लाकूड," महानंदाबाई म्हणाल्या.

शेजारणीनं बराच वेळ हंड्याकडं बघितलं. मग विचारलं, "मुलाकडची मागणी हाय का?"

दुपारपर्यंत लाकूड बुडायला लागलं. मग टाकी. पाणसळ लावून बघितली आणि स्टँडखाली लाकडी पाचर मारली, कारण एवढ्या पाण्याचं वजन एका कोपऱ्यावर आलं तर काच फुटते. टाकीखाली थर्माकोल. आत मातीचा थर, मागं जाड, पुढं पातळ, म्हणजे खोली वाटते. त्यावर खडी. मागच्या रांगेत व्हॅलिसनेरिया, कांद्याच्या पातीसारखी लांब. मध्ये क्रिप्टो, रुंद पानांची. लाकडाच्या फांद्यांना जावा फर्न दोऱ्यानं बांधली, कारण तिचं मूळ मातीत पुरलं की ती कुजते. मातीवर ताटली ठेवून ताटलीवर पाण्याची बारीक धार सोडायची, म्हणजे माती उधळत नाही. मी नुसतं "एक ताटली द्या" म्हणालो. काशिनाथअप्पांनी दुकानातून बारा नग आणून मांडले आणि प्रत्येकाचं गेज, म्हणजे पत्र्याची जाडी, सांगायला लागले.

संध्याकाळी दिवा लावला. हिरवी पाती पाण्यात हलत होती, लाकडावरून बारीक बुडबुडे वर जात होते. मी आयुष्यात खूप टाक्या लावल्या, पण ही खरंच देखणी झाली होती. महानंदाबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या आणि झाडी न्याहाळायला लागल्या. मग म्हणाल्या, "एवढ्या झाडीत मासे असले काय अन् नसले काय, कोणाला कळतंय? म्हणायचं, मासे लाजरे हायत. पाव्हणे आले की झाडामागं जातात."

काशिनाथअप्पांनी मांडीवर थाप मारली. "झालं की काम!"

मी म्हणालो, "मी ह्यात न्हाई."

तेवढ्यात त्यांची मुलगी रोहिणी लातूरहून आली. ती तिथं एका तपासणी लॅबमध्ये टेक्निशियन होती, रोज जाऊन-येऊन. पिशवी खांद्यावर तशीच ठेवून ती टाकीसमोर वाकली. मी दुकानातून आणलेला जुना स्पंज फिल्टरमध्ये बसवत होतो.

"हे बॅक्टेरियाचं कल्चर ना? जुन्या टाकीतलं?"

मला इतकं बरं वाटलं. तीस वर्षांत पहिल्यांदा कोणाला तरी सांगावं लागलं नव्हतं. मी पाणी तपासायचे थेंब आणि काचनळी तिच्याकडंच दिली. "रोज चिमूटभर माशांचं खाणं टाका, ते कुजून अमोनिया होतो, त्या बारीक जिवांना तोच खायला. आणि रोज पाणी बघा. हिरवा रंग आला म्हणजे अमोनिया आहे. पिवळाच राहायला लागला की मला फोन करा." महानंदाबाईंचा बेत ऐकून तिनं कपाळाला हात लावला. "आई, एवढं कशाला? सरळ सांगू की मासे अजून यायचेत."

"आन् त्यांनी म्हणावं घाईघाईत आपल्यासाठी आणला? तू गप बस. आन् ऐक, रविवारी लघवी, रक्त, थुंकी, ह्यातला एक बी शब्द तोंडातून काढायचा न्हाई. लॅबमध्ये काम करती एवढंच सांगायचं."

मी ह्यात नाही म्हणालो होतो, पण रविवारी सकाळीच फोन आला. "अप्पा, टाकी गुरगुरायली!" फिल्टरमध्ये हवा अडकली की तसं होतं. मी धावत गेलो, हवा काढली, हात पुसतोय तोवर दारात गाडी थांबली. माझ्या पँटचे पाय ओले, हातात चिमटा. काशिनाथअप्पांनी मला सोफ्यावर ढकललं आणि चिमटा उशीखाली सरकवला.

पाहुणे पाचजण होते. मुलगा ओंकार, नांदेडला बँकेत. त्याचे आईवडील, आजी आणि मामा. मामांचा फरशीचा धंदा होता, पण त्यांना जगातल्या प्रत्येक विषयावर बोलता येत होतं. आजीच्या डोळ्यांवर काळा चष्मा होता, नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं.

"हे कोण?" मुलाच्या वडिलांनी माझ्याकडं बघत विचारलं.

"माझे साडू," काशिनाथअप्पा म्हणाले.

"माझा मामेभाऊ," महानंदाबाई त्याच क्षणाला म्हणाल्या.

मुलाचे वडील बोटांवर काहीतरी जुळवायला लागले.

"म्हणजे दोन्ही?"

"हाव," मी म्हणालो. "दोन्ही बी." एवढं बोलून मी माझ्या कल्पनेतल्या बायकोशी, जी माझी आतेबहीणही होती, मनातल्या मनात संसार मांडून गप्प बसलो.

रोहिणी सुशीलाच्या बश्या घेऊन आली. नमस्कार झाले. मुलाच्या आईची नजर टाकीकडं गेली. "अगबाई, फिश टँक! किती सुंदर. मासे कुठं हायत पण?"

"लाजरे हायत," महानंदाबाई म्हणाल्या. "पाव्हणे आले की झाडामागं जातात. हळूच बघावं लागतं."

मामा बशी ठेवून उठले. टाकीपाशी गेले, हात पाठीमागं बांधले आणि मान तिरकी केली. "असले मासे मी बघितलेत हैदराबादला. लई महाग असतात. हे बघा, तो निळा! गेला, गेला, लाकडामागं गेला."

मी जागच्या जागी ताठ झालो. काशिनाथअप्पांना स्वतःच्या नशिबावर विश्वास बसेना.

मामांना दिसला म्हटल्यावर मुलाच्या वडिलांनाही दिसला. "हाव की. दोन हायत वाटतं. नरमादी असत्याल." मुलाच्या आईला एक लालसर दिसला, शेपटीचा. काशिनाथअप्पा एवढे रंगले की त्यांनी एकाचं नाव सांगितलं. "तो राजा. आमच्या हातातनं खातो." ओंकार मात्र टाकीकडं बघत होता, मग रोहिणीकडं, मग पुन्हा टाकीकडं.

तेवढ्यात आजी उठल्या. काळा चष्मा काढला, नाक काचेला लावलं आणि बराच वेळ बघितलं.

"मला तर एक बी मासा दिसंना."

"आई, नीट बघा," मुलाचे वडील म्हणाले. "तिकडं, लाकडापाशी."

"बघून राहिले की. पानं दिसून राहिली, खडे दिसून राहिले. इथं काचेला एक गोगलगाय हाय, मोहरीएवढी. मासा न्हाई."

"कुठली गोगलगाय?" मामा हसले. "आजी, डोळ्याला अजून सवय व्हायचीय. आम्हां समद्यांना मासे दिसून राहिले, तुम्हाला भलतंच."

आजी मागं सरकल्या. सोफ्यावर बसल्या. हातातल्या चष्म्याकडं बघत राहिल्या. आणि मग त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. "म्हंजे डोळा गेलाच म्हणायचा. डॉक्टर म्हणला होता, समदं लख्ख दिसंल. समद्यांना दिसतंय अन् मला न्हाई. मला वाटलं होतं, ओंकारच्या लग्नात तरी..." पदर डोळ्यांना लावणार, तर ऑपरेशनचा डोळा, लावायला मनाई. म्हणून त्या नुसत्याच हात हवेत धरून रडायला लागल्या.

मामा पुन्हा मासे दाखवायला निघाले होते. मी काशिनाथअप्पांकडं बघितलं, त्यांनी जमिनीकडं. मी तोंड उघडणार तेवढ्यात रोहिणीनं हातातला ट्रे खाली ठेवला, आजींसमोर जमिनीवर बसली आणि त्यांचा हात धरला.

"आजी, तुमचे डोळे ठणठणीत आहेत. टाकीत एकही मासा नाही."

"रोहिणी!" महानंदाबाई म्हणाल्या.

"नाहीये आई. गुरुवारी टाकी लावली, मासे महिन्यानं येणार आहेत. आणि आजी, गोगलगाय आहे. झाडांबरोबर आली असणार. मला आत्तापर्यंत दिसली नव्हती. इथं बसलेल्यांत सगळ्यात चांगले डोळे तुमचे आहेत."

आजींनी तिच्याकडं बघितलं. मग मामांकडं बघितलं. "निळा होता व्हय रे?"

मामा म्हणाले, "प्रकाशामुळं तसं वाटून राहिलं."

आणि ओंकार हसायला लागला. आधी तोंडावर हात धरून, मग हात सोडून. मग त्याची आई हसली, वडील हसले, आणि आजी तर रडता रडता अशा हसायला लागल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं. काशिनाथअप्पा तेवढे हसत नव्हते. ते माझ्याकडं बोट दाखवून घाईघाईनं म्हणाले, "हे बी माझे साडू न्हाईत. लातूरचे मासेवाले हायत." खरं सांगायची लाट एकदा आली की थांबत नाही. मुलाच्या वडिलांच्या चेहऱ्यावर केवढं समाधान पसरलं. ते मघापासून नातं जुळवत होते.

ओंकारनं पहिल्यांदा तोंड उघडलं. "पण मासे महिन्यानं का? आमच्याकडं तर आणले की त्याच दिवशी सोडतात. आणि दर महिन्याला मरतात. आई म्हणते नजर लागून राहिली. मागच्या वेळेस टाकीला लिंबू-मिरची बांधली होती."

रोहिणीनं आईकडं बघितलं. महानंदाबाईंनी डोळे मिटून घेतले.

"मासे पाण्यातच लघवी करतात," रोहिणी म्हणाली.

महानंदाबाईंच्या तोंडून बारीकसा आवाज निघाला. खरं म्हणजे माशाचा बराचसा अमोनिया कल्ल्यांतून बाहेर पडतो, लघवीतून नव्हे. पण ती वेळ दुरुस्ती करायची नव्हती. रोहिणीनं अमोनिया समजावला, स्पंज दाखवला, काचनळीत पाणी घेऊन थेंब टाकले आणि हिरवा रंग करून दाखवला. ओंकारनं नळी उजेडाला धरली. दोघांची डोकी जवळ आली. आजी बघत होत्या, आणि त्यांना सगळं लख्ख दिसत होतं.

"ह्या पोरीला नांदेडला आणा," आजी मुलाच्या आईला म्हणाल्या. "आपल्या घरात मासे तरी जगतील."

सगळे पुन्हा हसले आणि मग सगळ्यांनी रोहिणीकडं बघितलं. होकार द्यायचा म्हणून काशिनाथअप्पांनी तोंड उघडलंच होतं. ती म्हणाली, "टाकीला महिना देतो ना आपण? मला पण द्या."

काशिनाथअप्पांचं तोंड उघडंच राहिलं. ओंकार म्हणाला, "चालंल. मी फोन करत जाईन. पाण्याचा रंग विचारायला."

आणि त्यानं खरंच विचारला. रोहिणीनं मला नंतर सांगितलं, पहिले काही दिवस ते दोघं फोनवर फक्त अमोनियावर बोलत होते. मग नांदेडच्या टाकीवर बोलले, मग बँकेतल्या साहेबांवर, मग कशावरही. महिना होत आला तेव्हा मला दोन फोन आले. पहिला रोहिणीचा, "काका, पिवळा राहायलाय." दुसरा काशिनाथअप्पांचा. त्यांना पिवळ्याचं काही नव्हतं. ते ओरडत होते, "हो म्हणली! हो म्हणली!"

मासे घेऊन मी स्वतः गेलो. लातूर-मुरुडकडचं बोअरचं पाणी जड, क्षाराचं. नाजूक मासे त्यात टिकत नाहीत, लोक हौसेनं नेतात आणि मला वाईट वाटतं. म्हणून मी प्लॅटी नेले, गोल पोटाचे, नारिंगी, कोणाच्या अध्यात ना मध्यात. आणि तळाशी फिरणारे थोडे कोरिडोरास, मिशावाले, दिवसभर खडी हुंगत बसणारे. सगळे एकदम नाही सोडायचे, थोडे आधी, थोडे पंधरवड्यानं, म्हणजे त्या बारीक जिवांवर एकदम ओझं पडत नाही. पिशवी आधी पाण्यावर तरंगू द्यायची, ऊन-गार सारखं होऊ द्यायचं. काशिनाथअप्पांनी सोडायचा मान कोणाला दिला नाही. विभूती लावून बसले आणि एकेक मासा सोडताना हात जोडून लिंगायतांचा नमस्कार म्हणत गेले, "शरणार्थ. शरणार्थ. या." जणू पंगतीला बोलावलेत.

बातमी नांदेडला पोचली तेव्हा मामांचा मला फोन आला. सगळी चौकशी करून झाल्यावर त्यांनी आवाज उतरवून विचारलं, "त्यात निळा हाय का एखादा?" मी म्हणालो, न्हाई. "असायला पाहिजे होता," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

लग्न मुरुडलाच झालं. रोहिणी नांदेडला गेली, तिकडच्या लॅबमध्ये लागली. तिनं सासूबाईंची टाकी पहिल्या आठवड्यातच रिकामी करून नव्यानं लावली म्हणे, आणि सासूबाईंनी लिंबू-मिरची स्वतः सोडली.

मला वाटलं, माझं काम झालं. पण पावसाळा सरल्यावर काशिनाथअप्पांचा फोन आला. आवाज ओळखूच येईना, इतका खाली.

"अप्पा, मासे कसे आहेत?" मी विचारलं.

"चांगले हायत. लई शांत हायत." मग त्यांनी हळूच विचारलं, "अप्पा, तुमच्याकडं भांडखोर मासे मिळतात का हो?"

"कशाला?"

"घरात लई शांतता झालीया. रोहिणी असताना सकाळी उठलं की पेपरवरून भांडायची. चहात साखर घालू देत न्हवती. टीव्हीचा आवाज कमी करायला लावायची. आता मी रिमोट हातात घेऊन बसतो, कोणी काय म्हणतच न्हाई. मासे बी काय म्हणत न्हाईत. एखादा भांडणारा आणून सोडा की."

भांडखोर मासे मिळतात. टायगर बार्ब आहेत, काळ्या पट्ट्यांचे, दिसेल त्याचं शेपूट कुरतडतात. विकायचे म्हटले तर विकलेही असते. पण प्लॅटींच्या टाकीत ते सोडायचे म्हणजे आपल्याच हातानं लावलेलं घर मोडायचं. मी म्हणालो, "येतो."

मी गेलो ते रिकाम्या हातानं. दारातूनच मला टाकीची काच हिरवी शेवाळलेली दिसली. विचारलं, तर कळलं की सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत दिवा चालू असतो. मी चपला काढायच्या आधीच सुरू झालो. "आठ तास सांगितले होते! झाडांना झोप नको? शेवाळ धरलं ते काय उगं?"

"माझ्या घरातला दिवा हाय!" काशिनाथअप्पा उठून उभे राहिले. मागच्या कपाटातली भांडी वाजली. "मला अंधारात बसवत न्हाई!"

"मग ट्यूबलाइट लावा की! माशांचा दिवा कशाला?"

"मी माशांकडं बघत बसतो, ट्यूबलाइटकडं बघत बसू का?"

"बघा, पण संध्याकाळी! दुपारी बंद ठेवा!"

"दुपारीच तर घर खायला उठतंय!"

चहा आला. माझ्यासमोर त्यांनी त्यात तीन चमचे साखर घातली. मी कप काढून घेतला. त्यांनी परत ओढला. मी म्हणालो, "रोहिणीला फोन लावू का?" ते म्हणाले, "लावा, भेतो का मी?" आणि त्यांचा चेहरा असा उजळला होता की मी फोन लावायचंही विसरलो. काच घासता घासता आम्ही दिव्यावरून, साखरेवरून, मग त्या दिवशी मला साडू म्हणायची काय गरज होती ह्यावरून, दिवेलागणीपर्यंत भांडलो.

शेवटी आतून महानंदाबाईंचा आवाज आला, "जरा हळू बोला की हो. मासे घाबरून झाडामागं गेलेत."

आम्ही दोघांनी वळून बघितलं. खरंच गेले होते.